उंबऱ्यावरचा तांब्या

कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते, अशी माझी ख्याती आहे. माझं माहेर शिरूर कासारकडचं, सासर दिंद्रुडपासून थोडं आत. दोन्हीकडे एकेका बाभळीला एकेक गोष्ट चिकटवलेली. कुणाला चकवा लागला, कुणाला बांधावर बाई दिसली... मी या गोष्टींची भरपूर चेष्टा केलेली आहे, समोरचा चिडेपर्यंत केलेली आहे. इथले बाकीच्यांचे अनुभव वाचतानाही निम्म्या वेळा माझ्या मनात 'ऊन लागलं असेल' हेच येतं. त्यामुळे माझं वाचून कुणाला तसं वाटलं तर मला राग येणार नाही. खरं तर बरंच वाटेल. निदान एक कारण तरी मिळेल.

गोष्ट दुष्काळातली आहे. ज्या वर्षी आमच्या माळावर छावणी होती त्या वर्षीची. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, कालव्याला पाणी सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. उभा ऊस वाळायला लागला तसा लोकांनी तो कारखान्याची वाट न बघता जनावरांसाठी तोडून द्यायला सुरुवात केली. गावात टँकर दुपारी यायचा. टँकर आला की आमच्या गल्लीत माणूस म्हणून उरायचं नाही, सगळे ड्रम-घागरी घेऊन वेशीत.

माझा नवरा सुदाम गावच्या दूध सोसायटीत कामाला होता. (लिहिताना सुदाम म्हणते, समोर अजूनही 'अहो'च.) दोन्ही वेळा दूध मापून घ्यायचं, फॅट काढायची, कॅन गाडीत चढवायचे. दूधच आटलं तसं सोसायटीनं माळावर चारा छावणी चालवायला घेतली आणि चारा वाटायची जबाबदारी सुदामवर आली. हिरव्या जाळीखाली अख्ख्या गावाची जनावरं, आणि प्रत्येक दावणीशेजारी त्या त्या घरातला एक माणूस बाजेवर. आमचे दोन बैल आणि चंद्री नावाची गाय तिथंच. सुदामही तिथंच राहायचा, अंघोळीला आणि कपडे बदलायला काय तो घरी यायचा. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

आणि मला आठवा महिना लागलेला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात माहेरचं माणूस येतं, ओटी भरली जाते आणि पोरगी आईकडे जाते. माझे आई-वडील कोयता घेऊन सांगलीकडे ऊस तोडायला गेलेले. दरवर्षीच जातात, पाडव्याच्या आसपास परत येतात. तोवर घराला कुलूप. शेजारच्या शेवंताकाकू रोज विचारायच्या, "कुणी आलं न्हाई का गं न्यायला?" अगदी मायेनं विचारायच्या, त्यामुळे त्यांना काही बोलताही यायचं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. माजलगावात दवाखान्याजवळ एक खोली बघायची, मी आणि आत्याबाई तिथं जाऊन राहतो. एका दुपारी सुदाम अंघोळीला आला तेव्हा मी विषय काढला.

"बघू की," सुदाम म्हणाला. "चंद्री व्याली की जाऊ. तिचे दिवस भरत आलेत."

"अन् माझे?"

"तुझे हायेत की अजून."

म्हणजे बघा. गाय कधी व्यायची ते याला तोंडपाठ, आणि बायकोचं 'हायेत की अजून'. मी तिथंच सुरू झाले. दावणीला बांधलं असतं मला तर निदान सकाळ-संध्याकाळ चारा तरी विचारला असता, वगैरे वगैरे. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तोही दिवसरात्र छावणीत वैतागलेला. ज्याला त्याला वाटायचं आपल्याच जनावराला उसाचं वाडं कमी पडतंय, आणि शिव्या मात्र सुदामला. तो एकदम म्हणाला,

"तुझ्या माहेराला कुलूप हाय, त्याला मी काय करू?"

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनीसुद्धा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिथून आमचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरच्या अबोल्याचे नियम आहेत, ते सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी बोलेल तो हरला. समोरच बसून मी म्हणायचे, "आत्याबाई, त्यांना म्हणावं भाकरी गार व्हायली." तो म्हणायचा, "आई, तिला सांग, मला भूक न्हाई." छावणीत मी डबा घेऊन गेले तर तो चंद्रीला सांगायचा, "चंद्रे, कालवण खारट झालतं म्हणावं." पण एक गोष्ट अबोल्यातही चुकायची नाही. तो उन्हातून आला की मी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवायचे. न बोलता. तो प्यायचा आणि रिकामा तांब्या पालथा घालून ठेवायचा. उपडा तांब्या म्हणजे 'झालं माझं'. ही त्याची लहानपणापासूनची सवय. पाण्याचा एक थेंब वाया जाऊ नये अशा त्या दिवसांत माझ्या रागाची मजल तांब्यापर्यंत कधी गेली नाही.

तर ती दुपार. टँकर आला म्हणून आत्याबाई आणि शेवंताकाकू घागरी घेऊन वेशीत गेल्या. गल्ली रिकामी. मला सकाळपासून कंबर जड वाटत होती, पोटात मधूनच एक ओढ यायची आणि जायची. मी दाराशी पोतं टाकून बसले होते.

सुदाम आला. गल्लीच्या तोंडाशी दिसला, नेहमीसारखा, डोक्याला पांढरा रुमाल, एक खांदा थोडा पुढं टाकून चालणं. येऊन दारात उभा राहिला. बोलला नाही. मीही बोलले नाही. उठले, माठातून तांब्या भरला, उंबऱ्यावर ठेवला आणि मुद्दाम पाठ करून आत गेले. मला मनातून वाटत होतं की हा आज अबोला मोडायला आलाय. वाट बघत होते, खरंच. पाठीमागून काही आवाज येईना म्हणून वळले, तर तो गल्लीतून परत निघालेला.

असा राग आला मला... आणि रडूही. एवढ्या उन्हात आला आणि तोंडातून एक शब्द नाही. पोटात तेव्हाच जोरात ओढ आली. मला वाटलं, मरू दे तो अबोला, याला थांबवावं. पण हाक मारली म्हणजे मी हरले. मग मी काय केलं, तर चपला घातल्या आणि त्याच्या मागं निघाले. गाठून समोर उभी राहीन, मग बोलेल झक मारून, असा माझा हिशेब.

छावणीला जायला दोन वाटा. डांबरी रस्ता लांबचा, पण कडेनं कडुलिंबाची झाडं. दुसरी कालव्याच्या भरावावरून, जवळची, पण सावली म्हणून नाही. सुदाम कायम कालव्यानंच जायचा. मला दिवस राहिल्यापासून आत्याबाईंनी कालव्याची वाट बंद केलेली, मी डबा घेऊन जायचे ती डांबरीनं. त्या दिवशी मी कालव्याला लागले, कारण तो कालव्याला लागला.

तो पुढं, मी मागं. मी हळू झाले की तोही हळू व्हायचा, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, बोलत नाही, पण थांबतोय माझ्यासाठी. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं.

खाली कालवा कोरडा ठणठणीत, तळाच्या गाळाला भेगा. अर्ध्या वाटेवर पाटाचा छोटा दरवाजा आहे, तिथं एक लिंबाचं झाड, त्या वाटेवरचं एकुलतं एक. तिथं पोचले आणि पायावरून गरम काहीतरी ओघळलं. बघितलं तर रक्त. मी झाडाला धरून खाली बसले. तेव्हा मात्र हाक मारली. "अहो" म्हणून मोठ्यानं ओरडले. हरायचं तर हरायचं. समोर बघते तर भरावावर कुणी नाही. सरळ वाट आहे ती, लपायला जागा नाही. नुसतं ऊन.

मी हाका मारत राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मग छावणीकडे ऊस घेऊन चाललेला एक ट्रॅक्टर त्या वाटेनं आला. ड्रायव्हर ओळखीचाही नव्हता. त्यानं आणि त्याच्याबरोबरच्या माणसानं मला उचलून ट्रॉलीत उसावर झोपवलं आणि ट्रॅक्टर तसाच माजलगावकडे वळवला. वाटेत ती माणसं प्रत्येक दिसेल त्याला ओरडून सांगत होती, सुदामला निरोप द्या म्हणून. उसाची पानं माझ्या दंडाला कापत होती, तेवढंच नीट आठवतं.

मुलगी झाली. रडली. मी ऐकलं. एवढीशी होती, पण आवाज चांगला होता. डॉक्टरांनी आणि सिस्टरनी फार केलं, मी कुणालाही बोल लावणार नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

सुदाम ती गेल्यानंतर पोचला. सोबत आमच्या शेजारच्या दावणीचे बापूकाका, त्यांच्याच मोटारसायकलवर. सुदाम कॉटशेजारी खाली फरशीवर बसला. माझा हात धरला. मग आम्ही दोघं एकदमच बोललो. अबोल्यानंतरचे आमचे पहिले शब्द ते. मी म्हटलं, "मागं वळून का बघितलं न्हाई तुमी?" आणि तो म्हणाला, "तू छावणीत कशाला आलतीस?"

मला वाटलं, तो भ्रमात बोलतोय. त्याला वाटलं, मी.

त्याचं म्हणणं असं. दुपारी तो चारा वाटून बाजेवर बसला होता. मी आले. अंगावर रोजची निळी साडी, एक हात कमरेवर. येऊन चंद्रीजवळ उभी राहिले, तिच्या पाठीवर हात ठेवला. हातात डबा नव्हता. त्याच्याकडे बघितलं नाही, बोलले नाही. त्याला वाटलं, आली राग दाखवायला. म्हणून तोही गप्प बसला. मग मी वळून डांबरी रस्त्याला लागले. या अवस्थेत ही उन्हातून चालत आली आणि चालत निघाली, हे त्याच्या जिवाला लागलं. उठला आणि माझ्या मागं निघाला. हाक मारायची तर त्यालाही हरायचं नव्हतं. मी पुढं, तो मागं, घरापर्यंत. गल्लीत वळल्यावर मी दिसेनाशी झाले. दार उघडं, घरात कुणी नाही. मला शोधत तो गावात फिरला, आणि निरोप मात्र छावणीत गेला.

"शप्पत हाय," तो म्हणाला. "तुझ्या पायात त्या तुटक्या पट्ट्याच्या चपला व्हत्या."

होत्याच. त्याच चपला घालून मी कालव्यानं गेले होते.

मी म्हटलं, "तुमी घरी आलते. मी पाणी दिलतं तुमाला."

तो म्हणाला, "तांब्या पालथा व्हता. उंबऱ्यावर. मी घरात शिरताना पायानं बाजूला सारला. मला वाटलं, तूच ठेवला आसंल."

मी तांब्या कधी पालथा घालत नाही. आत्याबाई तर असल्या सवयीवरून सुदामला बोलायच्या. आणि मी तो काठोकाठ भरून ठेवला होता.

बापूकाका दारात उभे होते. त्यांना राहवलं नाही. "येडा झालास का बे," ते सुदामला म्हणाले, "तुझी बायको छावणीत आलतीच न्हाई. तू एकलाच उठून गेलतास. म्या हाक मारली तर वळून बघितलं न्हाईस." आणि मग जरा खालच्या आवाजात, "गाय तेवढी मान लांब करून जीभ काढीत व्हती. समोर कुणी न्हाई, अन् चाटायली."

चंद्रीला मी गेले की भाकरीचा तुकडा द्यायचे. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती घेत नसे.

शेवंताकाकूंनी मला टँकरवरून येताना लांबून कालव्याच्या भरावावर बघितलं होतं. त्यांनी आत्याबाईंना सांगितलंही होतं, "तुमची सून एकलीच कुठं निघाली उन्हाची?" एकलीच.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. ऊन होतं. अंगातलं रक्त कमी होतं. भांडण डोक्यात होतं, डोळ्यांना हवं ते दिसलं. ठीक आहे, मला दिसलं. पण त्याच दुपारी त्याला पण? तांब्यातलं पाणी कुणी प्यायलं? एखादं मांजर म्हणावं तर मांजर भांडं उपडं करून, बूड वर करून नीट ठेवतं का? आत्याबाईंनी एका देवऋष्याला विचारलं. तो म्हणाला, चकवा. अहो, चकवा माणसाला गोल गोल फिरवतो म्हणतात. आम्हाला तर सरळ नेलं, एकमेकांच्या रोजच्या वाटेनं नेलं.

आणि मला जे छळतं ते हे नाहीच. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं की पोटातली वार आधीच सुटायला लागली होती. चालण्यानं झालं असं नाही, तुम्ही घरात बसला असता तरी झालं असतं, आणि रिकाम्या घरात वेळेवर कुणी आलं नसतं तर तुम्हीही राहिला नसता. म्हणजे मला त्या वाटेवर नेलं ते बऱ्यासाठी म्हणायचं. मी निघाले, म्हणून ट्रॅक्टर भेटला. सुदामला घरी नेलं तेही बऱ्यासाठीच. मी घरात असते तर तो अगदी वेळेवर पोचला असता. दोघांपैकी एकालाच काही दिसलं असतं तर आम्ही एकमेकांना भेटलो असतो. मी छावणीत तरी पोचले असते त्याच्याजवळ, किंवा तो घरी माझ्याजवळ. दोघांनाही दिसलं, म्हणून दोघं दोन वाटांनी एकमेकांपासून लांब गेलो. हे मी इतक्या वेळा उलटंपालटं करून बघितलंय की आता नुसता कालवा बघितला तरी दमायला होतं. कुणाचं चुकलं तेही धड सांगता येत नाही. एक हाक कुणीही मारली असती तर कळलं असतं की समोर माणूस नाही. पण अबोला चालू असताना गप्प राहणाऱ्या नवऱ्यात विचित्र असं काय दिसणार? गप्प राहणारी बायको त्याला तरी का वेगळी वाटावी?

चंद्री त्याच आठवड्यात व्याली. कालवड झाली. सुदामनं ती बघितलीसुद्धा नाही, बापूकाकांनीच सगळं केलं. पाडव्याला माझी आई आली ती बाळंतविडा घेऊन. सांगलीकडच्या बाजारातून टोपडं आणलं होतं तिनं. तिला कुणी कळवलंच नव्हतं. कुणी कळवायचं यावर घरात सगळेच गप्प बसले होते.

आता आम्ही माजलगावातच राहतो. एक मुलगा आहे, शाळेत जातो. त्याच्या वेळी दिवस राहिल्यापासून आम्ही एकदाही अबोला धरला नाही. भांडलो मात्र खच्चून, वरचे भाडेकरू खाली डोकावतील इतके. भांडण चालतं मला. सुदामला नियम घालून दिलाय, घरी येताना बोलत यायचं. तो गल्लीच्या तोंडापासून "मी हाय गं" म्हणत येतो. शेजारीपाजारी हसतात, हसू देत.

पण कधी कधी दमलेला असतो आणि विसरतो. दुपारची वेळ, मी काहीतरी करत असते, मान वर करते तर दारात उभा. डोक्याला रुमाल, एक खांदा पुढं. मी तांब्या पुढं करत नाही. "आधी बोला," म्हणते. तो बोलतोच लगेच, ओशाळून. पण त्याचं तोंड उघडेपर्यंत जेवढा वेळ जातो ना, तेवढ्यात मला भीती वाटत नाही. खोटं कशाला सांगू, तेवढ्यात मला वाटतं की हा सुदाम नसावा. त्या दुपारी दारात आलेला तोच असावा. म्हणजे या वेळी मी पाठ फिरवणार नाही, उठून समोर उभी राहीन आणि त्याला विचारीन — कुठं घेऊन चालला होतास आम्हा दोघींना?